माणसं वाढायची मंदावली, मग उपसा का वाढतोय?

येरळाकाठ (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात इथल्याच दुष्काळाच्या धाग्यावर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहिली: लोकसंख्याच एवढी वाढलीय, पाणी पुरणार कुठून? तिथं वाद घातला असता तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी विट्याच्या बाजूचा, खानापूर तालुक्यातला. या प्रश्नावर मला मनापासून चर्चा हवी आहे, कारण निदान चुकलं तर पुढचे सगळे उपायही चुकतात.

आधी जगाचं बघू. १९६० च्या दशकाच्या शेवटी जगाची लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वेगानं वाढत होती. आज तो वेग एक टक्क्याच्या खाली आलाय. १५ नोव्हेंबर २०२२ ला आपण ८०० कोटी झालो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे २०८० च्या दशकाच्या मध्यावर हा आकडा साधारण १,०३० कोटींवर जाऊन थांबेल आणि मग हळूहळू उतरेल. चीन, जपान, जर्मनी, रशिया यांची संख्या आताच उतरणीला लागलीय.

आता दुसरी बाजू. १९७० मध्ये जगात सगळं मिळून वर्षाला सुमारे ३,००० कोटी टन माल निसर्गातून काढला जायचा. माल म्हणजे खनिजं, धातू, वाळू-खडी, कोळसा-तेल, लाकूड आणि पिकंसुद्धा. आज तो १०,००० कोटी टनांच्या वर गेलाय. त्याच काळात माणसं ३७० कोटींची ८०० कोटी झाली. म्हणजे माणसं दुपटीहून थोडी जास्त आणि उपसा तिपटीहून जास्त. डोक्यामागचा वापर वाढल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही. आणि ही डोकी सारखी नाहीत. श्रीमंत देशातला माणूस गरीब देशातल्या माणसाच्या सहापट माल वापरतो.

आता घरचं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सात टक्क्यांच्या आसपास वाढली, सांगलीची नऊच्या. याच काळात राज्य १६ टक्क्यांनी वाढलं आणि देश १७.७ टक्क्यांनी. म्हणजे आपले दोन जिल्हे राज्यात सगळ्यात सावकाश वाढणाऱ्यांत येतात. २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती आता २०२७ ची ठरलीय. नवे आकडे त्यानंतर कळतील, पण कल वेगळा दिसेल असं मला वाटत नाही. आमच्या भागातले गलाईवाले सोनं-चांदी आटवायला देशभर पांगलेत. गावात राहणारी माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली. आणि बोअर? ते दरवर्षी खोल खोल जातंय.

तर माझा प्रश्न एवढाच आहे. माणसं जर इतक्या धिम्या गतीनं वाढली, तर पाणी, वाळू, जमीन नेमकं कोण संपवतंय?

---

कराडकर_७२

दादा, मांडणी चांगली आहे, पण पूर्ण पटली नाही. वेग कमी झाला तरी संख्या वाढतेच आहे ना? एप्रिल २०२३ मध्ये आपण चीनला मागं टाकलं. १४० कोटींच्या वर माणसं म्हणजे १४० कोटी पोटं. माझ्या वडिलांच्या वाट्याला आठ एकर होती, माझ्या वाट्याला अडीच आली. ही वाटणी कुठल्या अमेरिकन माणसानं केलेली नाही.

---

येरळाकाठ

काका, जमिनीचे तुकडे झाले हे खरंच आहे. मागच्या दोन पिढ्यांच्या वाढीचं ते फळ आहे आणि ते मी नाकारत नाही. पण पुढं काय करायचं याचा विचार करताना आज जन्मदर कुठं आहे तेही बघायला हवं. मुलं कमी झाली तरी आधी जन्मलेली मोठी पिढी आता आईबाप होण्याच्या वयात आहे, म्हणून एकूण आकडा अजून काही दशकं चढणार. देशाचा आकडा २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला साधारण १७० कोटींवर जाऊन थांबेल असा अंदाज आहे. ही वाढ आधीच ठरून गेलेली आहे. आज कितीही कडक कायदा केला तरी ती फारशी हलणार नाही. हलवता येतं ते वापरात.

---

सिस्टर_खटाव

मी बरीच वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करते, म्हणून या बाजूनं थोडं लिहिते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ ला, महाराष्ट्रात बाईमागे सरासरी २.९ मुलं होती. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १.७. लोकसंख्या एका पातळीवर टिकायला २.१ लागतात. म्हणजे आपण त्याच्या कधीच खाली आलोय, आणि देशही २.० वर आलाय. तरी मी मीटिंगला गेले की कुणीतरी पुढारी उठतो आणि "लोकांनी आता तरी आवरायला पाहिजे" म्हणतो. लोकांनी आवरलंय हो, कधीच आवरलंय.

हे कायद्यामुळं झालं नाही. लेकरं जगायला लागली म्हणून झालं. १९७१ च्या सुमारास राज्यात जन्मलेल्या हजार बाळांपैकी शंभराच्या आसपास वर्षाच्या आत जात. २०२० च्या नमुना नोंदणीत तो आकडा १६ आहे. आमच्या आज्यांना सहा बाळंतपणं का झाली? चार तरी हाताशी लागतील याची खात्री नव्हती म्हणून. लस आली, दवाखान्यात बाळंतपण व्हायला लागलं, मुली दहावी-बारावीपर्यंत शिकल्या, लग्न दोन-तीन वर्षं पुढं गेलं. बाकीचं बायकांनी स्वतः ठरवलं.

पण या यशाचा भार कुणी उचलला तेही इथं लिहायला हवं. देशात लग्न झालेल्या बायकांपैकी जवळपास ३८ टक्क्यांची नसबंदी झालीय, पुरुषांचं प्रमाण ०.३ टक्के आहे. माझ्या केंद्रावर पुरुष नसबंदीचं नाव काढलं की नवरा बाहेर निघून जातो आणि सासू म्हणते, "त्याला कामाला जायाचं असतंय." बाईला काय काम नसतं? आणि कुटुंब लहान करताना मुलगी नको हा हिशेबही काहींनी केला. २०११ च्या जनगणनेत आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली ९०० सुद्धा नव्हत्या. शिकलेल्या, बागायती गावांत. लोकसंख्येबद्दल चर्चा करताना या गोष्टीची लाज मला जास्त वाटते.

तेव्हा पाणी संपल्याचा दोष कृपा करून बाळंतिणीच्या माथी मारू नका.

---

कराडकर_७२

ताई, तसा दोष द्यायचा हेतू नव्हता. मुलींच्या आकड्याबद्दल तुम्ही म्हणता त्याच्याशी शंभर टक्के सहमत.

---

वाळव्याचा_ऊसवाला

वाचत होतो. आता उसावर येणार हे दिसतंय, म्हणून आधीच लिहितो.

राज्यात पिकाखालच्या जमिनीत ऊस चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून कितीतरी जास्त वाटा त्याला, हे आम्ही शंभर वेळा ऐकलंय. खोटं नाही ते. पण शेतकरी ऊस का लावतो हे कुणी विचारत नाही. ठरलेला दर फक्त याच पिकाला हातात पडतो. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, कायद्यानं आहे, तोडणी-वाहतूक कारखाना करतो, सोसायटी कर्ज देते. द्राक्षाला एक अवकाळी सर आली की वर्ष गेलं. टोमॅटो रस्त्यावर ओतलेला आपण सगळ्यांनी बघितलाय. हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण केंद्र उघडेपर्यंत माल व्यापाऱ्याच्या घरात गेलेला असतो. मला ज्या दिवशी दुसऱ्या पिकात अशी शाश्वती मिळेल, त्या दिवशी मी निम्मा ऊस मोडायला तयार आहे.

दुसरं, लाइट. आठवड्यातले काही दिवस रात्री लाइट येते. रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी पाजायला, जायचं म्हणजे साप-किरडूची भीती. मग माणूस मोटर चालू करून पाट मोकळा सोडतो आणि घरी येतो. पाणी रात्रभर वाहतं. याचा परिणाम आमच्याच रानात दिसतोय. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात हजारो एकर रान क्षारपड झालं. मीठ फुटलेल्या रानात ऊस गुडघ्याएवढा राहतो. आमच्या भावकीतल्या काही जणांनी जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला, एकरी मोठा खर्च आला, पण रान परत पिकायला लागलं. पाणी जास्त झाल्यानं नासलेल्या जमिनीला पाणी बाहेर काढायला परत पैसे घालायचे. हे शहाणपणाचं नाही, हे आम्हालाही कळतं.

---

येरळाकाठ

दादा, इतकं सरळ लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या मुद्द्याला जगाच्या बाजूनं एक जोड देतो.

एक किलो साखर तयार व्हायला ऊस वाढवण्यापासून धरलं तर दीड हजार लिटरहून जास्त पाणी लागतं. यात पावसाचंही आलं. २०२१-२२ च्या हंगामात भारतानं सुमारे ११० लाख टन साखर परदेशात पाठवली. गुणाकार केला तर १६,५०० अब्ज लिटर होतात, म्हणजे जवळपास ५८० टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). कोयना धरण १०५ टीएमसीचं. पाचाहून जास्त कोयना धरणं भरतील एवढं पाणी एका वर्षात साखरेच्या पोत्यांतून देशाबाहेर गेलं. ही साखर जिथं पोचली तिथल्या माणसाला आमची येरळा नदी कुठं आहे हे माहीतही नाही. आमच्या दुष्काळी जत-आटपाडीतल्या माणसांची संख्या मोजून या पाण्याचा पत्ता लागत नाही.

आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी गेलं. एकाच राज्यात एकीकडं रानं पाण्यानं नासतात आणि दुसरीकडं प्यायला पाणी रेल्वेनं न्यावं लागतं. याला मी तरी टंचाई म्हणणार नाही.

---

जतकर

आमच्याकडं या सगळ्या चर्चेचा अर्थ एकच हाय, टँकर कवा येणार. जतच्या पूर्व भागात निम्मी घरं उसतोडीला जात्यात. म्हंजे ज्या पिकानं पाणी पळवलं त्येच पीक तोडायला आमची माणसं कोयता घिऊन जाणार. चाळीसच्या वर गावांनी वैतागून कर्नाटकात जातो म्हणून ठराव केला हुता २०१२ ला, तवा कुठं सरकारला जत नकाशात दिसलं. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी काही भागात आलंय, आलं तिथं लोकांनी डाळिंब-द्राक्ष केली, काहींनी ऊससुद्धा लावला. वाईट वाटतं बघून. पण त्यास्नी बोलणार कोण? बागायतदार व्हायचा हक काय फक्त कृष्णाकाठानंच घ्यावा?

कोयनेचं पाणी वीज करून समुद्राला सोडत्यात त्येचं पण बोला की कुणीतरी.

---

मिरजेचा_अभियंता

जतकर दादांच्या दोन्ही प्रश्नांवर लिहितो. मी उपसा योजनांच्या पंपगृहांवर काम केलंय.

कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायची मुभा आहे. ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे आणि संध्याकाळी मागणी एकदम चढते तेव्हा काही मिनिटांत वीज देणारा राज्याकडं याच्यासारखा दुसरा मोठा आधार नाही. म्हणून "ते बंद करा आणि जतला द्या" इतकं ते सोपं नाही. दुष्काळी वर्षात हा वाटा कमी करून पूर्वेला सोडलेलाही आहे. सौर आणि साठवणुकीची वीज वाढली की हा प्रश्न नव्यानं मांडता येईल, आणि मांडायलाच हवा असं माझं मत आहे.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी वर चढवायला काय लागतं ते. एक टीएमसी पाणी ३०० मीटर उचलायचं झालं तर नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशेबानं २ कोटी ३० लाख युनिट वीज लागते. पंप-मोटर आणि पाइपमधली घट धरली की ३ कोटींच्या घरात. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या सगळ्या योजना टप्प्याटप्प्यानं असंच पाणी वर नेतात. वीजबिलातला ८१ टक्के भार शासन उचलतं, १९ टक्के लाभधारक. आणि राज्यातली बहुतांश वीज अजून कोळशातून येते. म्हणजे आटपाडीच्या शेतात पडणाऱ्या पाण्यामागे चंद्रपूरकडची एखादी चिमणी धूर सोडत असते. इतक्या महागानं वर नेलेलं पाणी उघड्या पाटानं उसाला सोडणं मला तरी बघवत नाही. आटपाडीत बंद पाइपनं वितरण व्हावं म्हणून लोकांनी जो आग्रह धरला, तो तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होता. उघड्या कालव्यात झिरपून आणि वाफ होऊन मोठा वाटा वाटेतच जातो.

---

पाटणचा_पोरगा (कोपरखैरणे)

मी माथाडीचा मुलगा. आमच्या पाटण-जावळीकडची निम्मी गावं नवी मुंबईत आणि घाटकोपरात राहतात. गावात चुलत्यांची तीन घरं, तिन्हींना कुलूप. गणपतीला आणि जत्रेला उघडतात. तरी प्रत्येकानं स्लॅबचं घर बांधलं, प्रत्येकाची वेगळी बोअर, वेगळी टाकी. आमचे आजोबा एका वाड्यात चौदा माणसांत राहिले. माणसं तेवढीच आहेत, घरं चौपट झाली. देशभर हेच आहे. जनगणनेत सरासरी कुटुंब २००१ ला पाच माणसांहून मोठं होतं, २०११ ला पाचाच्या खाली आलं. लोकसंख्येच्या आकड्यात हे दिसत नाही, पण सिमेंट, वाळू, फ्रीज, मोटरसायकल घराप्रमाणे लागतात.

इथं शहरात माझा स्वतःचा वापर गावातल्या भावाच्या किती पट असेल देव जाणे. एसी आहे, गाडी आहे. भारतीय माणसामागं वर्षाला कार्बन डायऑक्साइड साधारण दोन टन, अमेरिकन माणसामागं चौदाच्या आसपास. पण आपल्या दोन टनांच्या सरासरीत माझे किती आणि जतच्या ऊसतोड बाईचे किती, हे वेगळं काढलं तर मला मान खाली घालावी लागेल.

---

येरळाकाठ

वाळूचा विषय निघालाच आहे तर आमच्या नदीचं सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या धाग्याचं उत्तर आमच्याच तालुक्यात एकदा दिलं गेलंय.

जगात पाण्याखालोखाल सगळ्यात जास्त वापरला जाणारा पदार्थ म्हणजे वाळू आणि खडी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज वर्षाला ५,००० कोटी टनांचा आहे. वाळवंटातली वाळू गुळगुळीत असल्यानं काँक्रीटला चालत नाही, म्हणून मोठा भार नद्यांवर. नदीतली वाळू पाणी धरून ठेवते. येरळेचं पात्र पावसाळ्यानंतर कोरडं दिसलं तरी वाळूत हात-दोन हात खणलं की पाणी लागायचं, काठच्या विहिरी त्यावरच चालायच्या. ट्रकनं वाळू गेली तसं ते पाणीही गेलं. सांगली-मिरजेपासून पुण्या-मुंबईपर्यंतच्या इमारतींत आमच्या विहिरींचं पाणी असं चिणलं गेलंय.

१९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी हीच गोष्ट उचलली. ठेकेदारांचा उपसा रोखायचा, गावाच्या ताब्यात थोडी वाळू काढायची आणि त्या पैशातून धरण बांधायचं. तांदुळवाडी-बलवडीचं बळीराजा धरण असं लोकांनी उभं केलं. सरकारनं आधी परवानगीच दिली नाही, लोकांनी लढून ती मिळवली. पण धरणापेक्षा त्याचा नियम मोठा आहे. पाणी जमिनीच्या एकरांवर द्यायचं नाही, प्रत्येक कुटुंबाला सारखं द्यायचं. ज्याला जमीन नाही त्यालाही. आणि त्या पाण्यावर ऊस नाही. नागनाथअण्णा नायकवडींनी पुढं १३ दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदांतून समान पाणीवाटपाची जी मागणी लावून धरली, तिच्यामागेही हाच विचार आहे.

जगाच्या परिषदांत आज जे वाद चाललेत ते शेवटी याच नियमावर अडलेत. वाटा कशावर ठरवायचा? आधी कुणी घेतलं त्यावर, कुणाची ऐपत आहे त्यावर, की माणसावर?

---

कराडकर_७२

इथं मला परत शंका आहे. माणसावर वाटा ठरवला तर ज्याच्या घरात जास्त मुलं त्याला जास्त पाणी. मग कमी मुलं ठेवणाऱ्यानं काय पाप केलं?

---

मिरजेचा_अभियंता

काका, हा प्रश्न पुरंदरच्या पाणी पंचायतीत विलासराव साळुंख्यांनी सोडवलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावला त्यांनी काम सुरू केलं. माणशी अर्ध्या एकराला पाणी, पण एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. म्हणजे पाच माणसांच्या पुढं कितीही झाली तरी वाटा तेवढाच. जमीन नसली तरी पाण्याचा हक्क. ऊस बंद. बळीराजाचा नियम कुटुंबावर आहे, त्यामुळे तिथं हा प्रश्नच येत नाही.

---

कराडकर_७२

ही मर्यादा मला माहीत नव्हती. मग माझी हरकत उरत नाही. फक्त दोन्ही ठिकाणं छोटी आहेत. टेंभूसारख्या मोठ्या योजनेला हे कसं लावायचं, ते काम अवघड आहे.

---

सिस्टर_खटाव

अवघड आहे, पण सुरुवात गावापासून करता येते. कोरेगाव तालुक्यातलं वेळू २०१६ च्या पहिल्या वॉटर कप या पाणी अडवायच्या गावागावांतल्या स्पर्धेत पहिलं आलं. आमच्या भागातून लोक ते बघायला गेले होते. पाणी अडवायला सगळं गाव येतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. अडचण त्याच्या पुढची आहे. अडवलेल्या पाण्यावर पहिल्याच वर्षी ज्याच्याकडं पैसे तो बोअर मारतो, आणि श्रमदानाला टोपली उचललेली भूमिहीन बाई तशीच राहते. अटल भूजल योजनेत सातारा-सांगलीतली बरीच गावं होती. त्यात गावानं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता. पाऊस किती, मुरलं किती, उपसलं किती. तो कागद बहुतेक ग्रामपंचायतींत ग्रामसेवकाच्या कपाटात पडून आहे.

---

वाळव्याचा_ऊसवाला

ताई, हा ताळेबंद नदीकाठच्या गावांनाही लावा. आम्हाला वाटतं कृष्णा वाहतेय तोवर हिशेब कशाला. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमची घरं बुडाली, आणि त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माणदेशात चारा छावण्या चालू होत्या. हे दोन्ही एकाच खोऱ्यातलं आहे.

माझ्यापुरतं सांगतो. खोडवा (तोडलेल्या उसाचं परत फुटलेलं पीक) निघाला की एका रानात ठिबक करतोय आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, जाळायचं बंद केलंय. पण एकट्यानं पाणी वाचवलं तर ते खालच्या पाटावरचा उचलतो. आमच्या पाणीपुरवठा संस्थेत एकरी पाणीपट्टी आहे, मोजून नाही. कुणी मीटर लावून घनमीटरवर पट्टी बसवलेली संस्था बघितली असेल तर इथं सांगा. हंगामाआधी आमची सभा आहे, तिथं मला हा विषय मांडायचाय.

---

मिरजेचा_अभियंता

घनमीटरवर मोजून पाणी देण्याची तरतूद राज्याच्या २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात आहे, पाणीवापर संस्थेलाच मोजून पाणी द्यायचं असं तो सांगतो. तुमची संस्था खासगी उपशाची की कालव्यावरची? त्यावर पुढचं अवलंबून आहे. मोटरचा एचपी, पाइपचा व्यास आणि साधारण किती तास उपसा चालतो एवढं कळवा, मी विसर्गाचा हिशेब करून देतो. सभेत आकडे हातात असलेले बरे.

---

वाळव्याचा_ऊसवाला

खासगी उपशाची आहे सर, सभासद शेतकरीच. बाकीची माहिती उद्या सेक्रेटरीकडून घेऊन इथंच टाकतो.